काय-स्क्वेअर चाचणीआधीचा प्रश्न: तक्त्यात मोजलेला ‘एक’ म्हणजे नक्की कोण?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही व्यवसायांना वार्षिक वर्गणीवर सॉफ्टवेअर देता. ग्राहकांच्या सर्वेक्षणात दोन प्रश्न होते: कंपनीचा आकार (लहान, मध्यम, मोठी) आणि पुढच्या वर्षी वर्गणी चालू ठेवणार का (हो, अजून ठरलं नाही, नाही). क्रॉसटॅब (दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र मोजणारा तक्ता) काढून तुम्ही काय-स्क्वेअर चाचणी, म्हणजे त्या दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासणारी चाचणी केलीत, आणि पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही इतकी तफावत योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आली. आता तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ‘कंपनीच्या आकाराचा ग्राहक टिकण्यावर परिणाम होतो’ असं अहवालात लिहिता येईल का? काही खान्यांत ५ पेक्षा कमी आकडे आहेत, म्हणून चाचणीच बाद ठरते का? आणि अगदी शेवटी, जाता जाता: काही ग्राहक-कंपन्यांतून एकापेक्षा जास्त लोकांनी फॉर्म भरले आहेत, त्याने काही बिघडतं का?

मी शेवटून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. ५ पेक्षा कमी आकड्यांची काळजी सगळेच करतात. पुस्तकात तो नियम ठळक छापलेला असतो आणि सॉफ्टवेअरही तिथे इशारा देतं. एकाच कंपनीतून आलेल्या पाच उत्तरांबद्दल मात्र सॉफ्टवेअर काही बोलत नाही. त्याला ते कळायला मार्गच नसतो. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

त्यासाठी चाचणी काय मोजते ते एकदा समोर ठेवू. तुमचा तक्ता माझ्याकडे नाही, म्हणून समजावण्यापुरते ३०० प्रतिसाद घेतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मुद्दाम सरळ ठेवले आहेत.

लहान कंपन्या (१५०): हो ६३, ठरलं नाही ४८, नाही ३९
मध्यम कंपन्या (१००): हो ५४, ठरलं नाही ३१, नाही १५
मोठ्या कंपन्या (५०): हो ३३, ठरलं नाही ११, नाही ६

३०० पैकी १५० जण ‘हो’ म्हणाले, म्हणजे निम्मे. आकाराचा आणि उत्तराचा काहीच संबंध नसता, तर लहान कंपन्यांतूनही निम्मे, म्हणजे ७५ ‘हो’ यायला हवे होते. आले ६३. ही ७५ म्हणजे त्या खान्याची अपेक्षित संख्या: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. प्रत्येक खान्यात प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित संख्येने भागायचं आणि नऊही खान्यांची बेरीज करायची. लहान-‘हो’ या खान्याचा वाटा १४४ भागिले ७५, म्हणजे १.९२. सगळं मिळून ११.६५ येतात.

११.६५ हे जास्त की कमी, ते डिग्री ऑफ फ्रीडमवर, म्हणजे तक्त्यातले किती आकडे मोकळेपणाने बदलू शकतात त्यावर ठरतं. आपल्या तक्त्यात ती (३−१)×(३−१), म्हणजे ४. हे आज सरधोपट वाटतं, पण सांख्यिकीतज्ज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये ही चाचणी मांडली तेव्हा अशा तक्त्यासाठीही खान्यांच्या संख्येतून फक्त १ वजा केला जाई. म्हणजे इथे ८. ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा आपण याच माहितीतून उचलतो, त्यामुळे तेवढी मोकळीक उरलेलीच नसते, हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं. ८ धरले तर ५ टक्के पातळीची मर्यादा (जिच्या पलीकडे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जाते) १५.५१ येते आणि ४ धरले तर ९.४९. तेच ११.६५ एका हिशेबात मर्यादेच्या आत राहतात आणि दुसऱ्यात बाहेर पडतात. ४ धरून पी-व्हॅल्यू सुमारे ०.०२.

हा जुना वाद मी आणला तो एवढ्याचसाठी: तक्त्यातला एकही आकडा न बदलता निकाल उलटू शकतो, जर त्या आकड्यांमागे स्वतंत्र माहिती किती आहे हे मोजण्यात गफलत झाली तर. तुमच्या तक्त्यात नेमका हाच धोका आहे.

चाचणीच्या सूत्रात असं गृहीत आहे की मोजलेल्या ३०० जणांपैकी प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरापासून स्वतंत्र आहे. आता एका मोठ्या कंपनीचा विचार करा. खरेदी विभागातले दोघं, आयटीमधला एक आणि रोज सॉफ्टवेअर वापरणारे तिघं, अशा सहा जणांनी फॉर्म भरला. वर्गणी चालू ठेवायची की नाही हा निर्णय त्या कंपनीचा एकच आहे. सहाही जणांना तोच सपोर्ट मिळालाय, दर वाढल्याचा तोच ईमेल आलाय, वरिष्ठ काय म्हणताहेत हेही सगळ्यांच्या कानावर आहे. सहाही जण ‘हो’ म्हणाले तर तुमचा एक ग्राहक टिकणार आहे, तक्त्यात मात्र सहा मोजले गेले. शिवाय एकापेक्षा जास्त फॉर्म येतात ते बहुतेक मोठ्या कंपन्यांतूनच. म्हणजे ही फुगवट सगळीकडे सारखी पसरत नाही, एकाच ओळीत साचते. ‘मोठ्या कंपन्या ५०’ असं लिहिलेली ओळ प्रत्यक्षात आठ-दहा कंपन्यांची असू शकते, आणि त्यातल्या दोन कंपन्या खूश असल्या तरी पूर्ण ओळ गोड दिसते.

याने किती फरक पडतो, त्याचा ढोबळ अंदाज काढता येतो. कंपनीमागे सरासरी किती उत्तरं आली (या संख्येला ‘म’ म्हणू) आणि एकाच कंपनीतली उत्तरं एकमेकांसारखी असण्याचं प्रमाण (इंट्राक्लास कोरिलेशन) किती, यावरून डिझाइन इफेक्ट, म्हणजे काय-स्क्वेअर किती पट फुगला ते सांगणारा आकडा येतो: १ + (म − १) × ते प्रमाण. दर कंपनीमागे ५ उत्तरं आणि ०.३ प्रमाण धरलं तर हा २.२ होतो. म्हणजे उदाहरणातल्या ३०० उत्तरांत स्वतंत्र माहिती सुमारे १३६ उत्तरांइतकीच. ११.६५ ला २.२ ने भागा: ५.३ येतात, आणि पी-व्हॅल्यू ०.०२ वरून ०.२६ च्या आसपास जाते. ०.३ हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे. ‘कंपनी वर्गणी चालू ठेवणार का’ अशा प्रश्नात, जिथे सगळे एकाच निर्णयाबद्दल बोलताहेत, तो याहून जास्त असला तरी मला नवल वाटणार नाही. नीट हिशेबासाठी जे. एन. के. राव आणि ए. जे. स्कॉट यांची १९८० च्या दशकातली दुरुस्ती वापरतात. ‘आर’ (R) या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या ‘सर्व्हे’ पॅकेजमध्ये ती आहे. प्रतिसादांना वेटेज (काही उत्तरांना कमी-जास्त वजन) दिलं असेल तरीही साधी काय-स्क्वेअर चालत नाही, तिथेही हीच दुरुस्ती लागते.

मग करायचं काय? इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी ते गुळगुळीत करणार नाही.

माझ्याकडे अशी फाइल आली की क्रॉसटॅबच्या आधी मी कंपनी ओळखणारा कोड शोधतो आणि वेगवेगळ्या कंपन्या किती हे मोजतो. ३०० प्रतिसाद २८५ कंपन्यांतून आले असतील तर मी फारसा थांबत नाही: एकदा सगळे घेऊन आणि एकदा दर कंपनीमागे एकच घेऊन चाचणी करतो, आणि दोन्ही निकाल लिहितो. ३०० प्रतिसाद ९० कंपन्यांतून आले असतील तर प्रश्नाच्या स्वरूपाकडे बघावं लागतं. तुमचा प्रश्न कंपनीच्या निर्णयाचा आहे, तेव्हा दर कंपनीमागे एक उत्तर हाच सरळ मार्ग. कोणाचं उत्तर घ्यायचं त्याचा नियम मात्र उत्तरं बघण्याआधी ठरवून लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘नूतनीकरणावर सही करणारी व्यक्ती, ती नसेल तर सर्वांत आधी फॉर्म भरणारी’. उत्तरं बघून निवड केली तर त्या पी-व्हॅल्यूला काही किंमत राहत नाही. प्रश्न व्यक्तीच्या अनुभवाचा असता, जसं की ‘स्क्रीन वापरायला सोपी वाटते का’, तर सगळी उत्तरं ठेवून मी राव-स्कॉट वापरली असती, कारण तिथे एकाच कंपनीतली दोन माणसं खरोखर वेगवेगळं काही सांगत असतात.

आणि कोडच नसेल तर? सर्वेक्षण निनावी असेल आणि कोण कुठल्या कंपनीतलं हे कळायला काहीच मार्ग नसेल, तर मी टक्केवारी दाखवतो, पी-व्हॅल्यू देत नाही, आणि का देत नाही हे एका वाक्यात लिहितो. वरिष्ठांना हे आवडत नाही. पण ज्या आकड्याचा पाया मला तपासताच येत नाही, त्यावर कुणाचं बजेट ठरावं असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी फॉर्मच्या लिंकमध्ये कंपनीचा नुसता सांकेतिक क्रमांक घाला. नाव न विचारताही काम होतं.

हाच गोंधळ दुसऱ्या वेशात ‘लागू असतील ते सर्व पर्याय निवडा’ या प्रश्नात येतो. तिथे एक माणूस तीन स्तंभांत मोजला जातो, म्हणून तो तक्ता जसाच्या तसा चाचणीत घालू नका. प्रत्येक पर्यायाचा ‘निवडला / नाही निवडला’ असा वेगळा तक्ता करा. आणि त्याच लोकांना आधी आणि नंतर असं दोनदा विचारलं असेल, तर हो-नाहीच्या उत्तरांसाठी मॅकनेमार चाचणी आहे, काय-स्क्वेअर नाही.

आता ५ चा नियम. तो प्रत्यक्ष आकड्यांना लागू नाही, अपेक्षित संख्यांना आहे. वरच्या तक्त्यात मोठ्या कंपन्यांच्या ‘नाही’ खान्यात ६ आहेत, पण तिथली अपेक्षित संख्या १० आहे. तिथे ६ च्या जागी २ आले असते तरी चाचणीला काहीही झालं नसतं. उलट अपेक्षेहून इतके कमी लोक ‘नाही’ म्हणताहेत ही तर बातमी आहे. विल्यम कॉक्रन यांनी १९५४ मध्ये दिलेला नियम मी अजून वापरतो: एकही अपेक्षित संख्या १ च्या खाली नको आणि २० टक्क्यांहून जास्त खान्यांत ती ५ च्या खाली नको. नऊ खान्यांच्या तक्त्यात एक खाना ४ वर असला तर मी चाचणी थांबवत नाही.

नियम मोडत असेल तर लोक पर्याय एकत्र करतात. करा, पण अर्थ जपून. ‘ठरलं नाही’ आणि ‘नाही’ एकत्र केले तर तुमचा प्रश्न बदलतो: आता तुम्ही ‘पक्का हो’ कोण म्हणतंय ते विचारताय. ते चालेल, तसं लिहावं मात्र लागेल. ‘ठरलं नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ एकत्र करू नका. पहिला माणूस द्विधा मनःस्थितीत आहे, दुसऱ्याला निर्णयात स्थानच नाही. एकत्र करायचंच नसेल तर फिशरची एक्झॅक्ट चाचणी (लहान आकड्यांतही चालणारी, नेमकी शक्यता मोजणारी) किंवा सिम्युलेशनने काढलेली पी-व्हॅल्यू वापरा. आजच्या संगणकाला ते जड नाही. आणि तक्ता टक्केवारीचा घालू नका, मोजलेल्या संख्यांचाच घाला. वरच्याच तक्त्याच्या ओळींची टक्केवारी घालून बघा: ११.६५ च्या जागी १३.६ येतात, कारण ५० मोठ्या कंपन्यांना १०० चं वजन मिळतं.

पहिल्या प्रश्नाकडे येतो: अहवालात काय लिहायचं. समजा, दर कंपनीमागे एकच उत्तर घेतलं आणि तरीही ११.६५ आणि ०.०२ आले. याचा अर्थ एवढाच की आकार आणि उत्तर यांचा काहीच संबंध नसता, तर इतकी किंवा याहून मोठी तफावत १०० पैकी सुमारे २ वेळा निव्वळ योगायोगाने दिसली असती. संबंध किती घट्ट आहे, कुठल्या खान्यात आहे, का आहे, यांतलं काहीच पी-व्हॅल्यू सांगत नाही. टक्केवारी तशीच ठेवून प्रतिसाद १०० केले तर काय-स्क्वेअर ३.९ आणि पी-व्हॅल्यू ०.४२ येते. ३,००० केले तर ११६.५ येतात आणि पी-व्हॅल्यू जवळजवळ शून्य. संबंध तिन्ही वेळा तेवढाच आहे. म्हणून संबंध किती घट्ट ते ० ते १ मध्ये सांगणारा क्रॅमरचा व्ही सोबत द्या: काय-स्क्वेअर भागिले (एकूण × २), त्याचं वर्गमूळ. (२ म्हणजे ओळी आणि स्तंभ यांतली लहान संख्या वजा १.) इथे तो ०.१४ येतो, म्हणजे सौम्य संबंध.

व्यवसायातल्या वाचकाला मात्र ०.१४ ने काही कळत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला हे दाखवा: लहान कंपन्यांपैकी २६ टक्के ‘नाही’ म्हणताहेत, मोठ्यांपैकी १२ टक्के. फरक १४ टक्के-अंकांचा, आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा, साधारण ३ ते २५. ही रुंदी लपवू नका. ३ असेल तर कदाचित काही करायची गरज नाही. २५ असेल तर लहान ग्राहकांसाठी सगळी योजनाच नव्याने आखावी लागेल. निर्णय घेणाऱ्याला या दोन टोकांमधलं अंतर दिसायलाच हवं.

तफावत कुठे आहे हे बघायला ॲडजस्टेड रेसिड्युअल काढा, म्हणजे प्रत्येक खान्यातला प्रत्यक्ष-अपेक्षित फरक एकाच मापात. कुठलंही चांगलं सॉफ्टवेअर देतं. आपल्या तक्त्यात ±२ च्या पलीकडे तीनच खाने जातात: लहान-‘हो’ (−२.८), लहान-‘नाही’ (२.६) आणि मोठी-‘हो’ (२.५). मध्यम कंपन्यांबद्दल हा तक्ता काहीच ठाम सांगत नाही. नऊ खाने एकदम तपासतोय म्हणून काटेकोरपणे बघायचं तर मर्यादा ±२ ऐवजी सुमारे ±२.७७ धरावी लागते, आणि मग लहान-‘हो’ हा एकच खाना काठावर उरतो. तेव्हा रेसिड्युअल हे ‘इकडे बघा’ एवढंच सांगणारे मानावेत.

एक गोष्ट बरेच जण सोडून देतात आणि मला तिची फार हळहळ वाटते. तुमच्या दोन्ही प्रश्नांना क्रम आहे: लहान, मध्यम, मोठी, नाही, ठरलं नाही, हो. काय-स्क्वेअरला हा क्रम दिसत नाही. ओळी कशाही उलटसुलट लावा, उत्तर तेच येतं. क्रमाला १, २, ३ असे गुण देऊन लिनियर-बाय-लिनियर चाचणी केली तर याच तक्त्यात १०.६८ येतात, आणि तेही फक्त १ डिग्री ऑफ फ्रीडमवर. पी-व्हॅल्यू ०.००१ च्या आसपास. म्हणजे ११.६५ मधली जवळजवळ सगळी तफावत ‘कंपनी मोठी होत जाते तसा कल हो-कडे सरकतो’ या एकाच गोष्टीत सामावलेली आहे. प्रतिसाद कमी असतील तेव्हा ही चाचणी जास्त कामाची, कारण साध्या काय-स्क्वेअरची नजर चारही दिशांना विखुरलेली असते. फक्त कल मधेच उलटत असेल, म्हणजे मध्यम कंपन्याच सर्वांत नाराज असतील, तर ही चाचणी तो पकडणार नाही. म्हणून आधी टक्केवारी डोळ्यांनी बघा.

‘परिणाम होतो’ हे शब्द मी काढून टाकीन. मोठ्या ग्राहकांना बहुधा स्वतंत्र सपोर्ट मॅनेजर मिळतो, त्यांचे करार लांब मुदतीचे असतात, ते तुमच्याकडे जास्त वर्षं असतात. यातलं कुठलंही कारण खरं असू शकतं. सपोर्ट मॅनेजर असलेले आणि नसलेले असे दोन वेगळे तक्ते करा. दोन्हींत आकाराचा फरक विरघळला, तर तुम्हाला आकार नव्हे, सपोर्ट दिसत होता, आणि मग लहान ग्राहकांसाठी करण्यासारखंही काहीतरी सापडलं. कारणं तीन-चार असतील तर तक्ते तुकडे-तुकडे होत जातात. तिथे लॉजिस्टिक रिग्रेशनकडे जा, ते सगळी कारणं एकदम विचारात घेतं. शिवाय सोडून जायचं ठरवलेले ग्राहक फॉर्मच भरत नाहीत असं होऊ शकतं, म्हणून लहान, मध्यम, मोठ्या कंपन्यांपैकी किती टक्क्यांनी उत्तर दिलं तेही शेजारी छापा.

एक प्रश्न तुम्हालाच विचारतो, कारण तुमच्या मजकुरावरून मला ते कळलं नाही. हा एकच तक्ता तपासलात, की अनेकांतून हा निघाला? २० प्रश्न आणि ग्राहकांची ६ वैशिष्ट्यं घेतली की १२० तक्ते होतात, आणि कुठेच काही संबंध नसला तरी त्यातले सुमारे ६ तक्ते ०.०५ च्या खाली येणारच. तसं असेल तर होम (Holm) यांची दुरुस्ती, म्हणजे अनेक चाचण्या केल्यावर ०.०५ ची अट कडक करणारी पद्धत लावा आणि किती तक्ते तपासले तो आकडा अहवालात द्या.

दर कंपनीमागे एक उत्तर घेतल्यावर आकडे माझ्या उदाहरणासारखे राहिले, तर मी वाक्य असं लिहीन: ‘उत्तर दिलेल्या ३०० कंपन्यांत, मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान कंपन्यांमध्ये वर्गणी बंद करण्याचा इरादा जास्त दिसला (२६ टक्के विरुद्ध १२ टक्के, काय-स्क्वेअर ११.६५, डिग्री ऑफ फ्रीडम ४, पी ०.०२, क्रॅमरचा व्ही ०.१४). सपोर्टचा प्रकार आणि कराराची मुदत यांचा वेगळा विचार या तक्त्यात केलेला नाही.’ कंपन्या मोजल्यावर मोठ्यांच्या ओळीत १०-१२ च उरल्या, तर नवा तक्ता इथे टाका. तेव्हा मध्यम आणि मोठ्या एकत्र करायच्या की एक्झॅक्ट चाचणीकडे जायचं, हे आकडे बघूनच सांगता येईल.